कळ्या सोलणाऱ्या पोरी

पोळा सरला की धावड्यात केशरबाईची पायपीट सुरू व्हायची. उजाडायच्या आत चूल पेटवायची, भाकरी थापायच्या आणि मग वस्तीतून दारोदार फिरत पोरी गोळा करायच्या. एकीला अंथरुणातून ओढून काढायचं, दुसरीच्या आईची समजूत घालायची, तिसरीच्या कपाळाला हाताची पाठ लावून बघायची आणि अंग तापलेलं असलं तरी "चल, वावरात गेल्यावर उतरंल" म्हणून तिला पुढं घालायचं. पोरी जमल्या की सगळी रांग बद्रीनाथच्या वावराकडं चालू लागायची. त्या रांगेत केशरबाईची पोरगी बेबीनंदाही असायची. अकरा वर्षांची.

बद्रीनाथ एका कंपनीसाठी संकरित कपाशीचं बियाणं पिकवायचा. त्याच्या प्लॉटात नराच्या ओळी वेगळ्या, मादीच्या वेगळ्या. दुपार कलली की मादीच्या झाडावरची, दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी हेरायची. अंगठ्याच्या नखानं तिची पाकळी आणि आतला पिवळा पराग सोलून टाकायचा, मधली काडी तेवढी शाबूत ठेवायची आणि वर लाल कागदाची टोपी घालायची. सकाळी नराची फुलं तोडून आणायची आणि त्या काडीवर घासायची. याला सगळे 'क्रॉसिंग' म्हणत. दिवाळी होऊन जाईपर्यंत रोज हेच. पोरींची बोटं बारीक, कळीला धक्का लागत नाही, असं मालक लोक सांगायचे. खरं कारण वस्तीतल्या शेळ्यांनाही माहीत असावं. पोरगी मोठ्या बाईच्या निम्म्या रोजात येते आणि उलटून बोलत नाही.

केशरबाई स्वतः एक्क्याऐंशी साली आईचं लुगडं धरून पहिल्यांदा प्लॉटवर गेली होती. तेव्हा ती नऊ वर्षांची. माहेरी सोललं, लग्न होऊन धावड्याला आली तर इथंही तेच. बेबीनंदा पोटात असतानाही ती मादीच्या ओळीतच होती. हाताला सफाई होती म्हणून बद्रीनाथनं पुढं तिला पोरींवर मुकादम केलं. मुकादम म्हणजे काय, तर पोरींच्या आधी यायचं, पोरींच्या नंतर जायचं, आणि कळी वाया गेली की पोरींच्या आधी शिव्या खायच्या. तिचा नवरा तातेराव जालन्याच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करायचा. तो महिन्यातून एखादवेळी यायचा, झोपायचा आणि निघून जायचा. दोघांनाही भांडायला सुद्धा ताकद उरत नसे.

नव्व्याण्णव सालच्या नवरात्रात एक मोटरसायकल बांधाला लागली. आलेला माणूस पस्तिशीचा, गळ्यात कॅमेरा. त्यानं नाव सांगितलं देवानंद. नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्यावर त्याचा स्टुडिओ होता. लग्नाचे, शाळेचे फोटो काढून तो पोट भरायचा आणि मधून मधून औरंगाबादच्या एका पेपराला फोटो द्यायचा.

"मावशी, तुमच्या पोरींचे फोटो काढू का?" त्यानं विचारलं.

केशरबाई हरखली. तिनं पोरींना हाक मारली, दोघीतिघींची तोंडं पदरानं पुसली, बद्रीनाथनं पोळ्याला आणून दिलेल्या रिबिनी सारख्या केल्या आणि सगळ्यांना उंचीप्रमाणं उभं केलं.

"असं नको," देवानंद हसून म्हणाला. "तुमचं काम चालू द्या. मी नाहीच असं समजा."

मग तो ओळींमधून वाकून, गुडघ्यावर बसून फिरत राहिला. फवारणी आदल्याच दिवशी झाली होती. वासानं त्याचं डोकं दुखायला लागलं तेव्हा केशरबाईनं त्याला लिंबाखाली बसवून पाणी दिलं, भाकरी आणि ठेचा दिला. त्यानं पोरींची वयं विचारली. "कोण लिहून ठिवतंय भाऊ," ती म्हणाली आणि हसली. तेवढ्यात पलीकडच्या ओळीत एका पोरीच्या हातून कळी काडीसकट मोडली. बद्रीनाथ संध्याकाळी मोडक्या कळ्या बघणार, हे डोक्यात असल्यानं केशरबाई ताडकन उठली, हात उगारला आणि ओरडली. मारलं नाही. नुसता उगारला. कॅमेरा तेव्हा वाजला की नाही, हे तिला कळलंही नाही.

आठवड्याभरानं तालुक्याहून जीप आली. उतरलेल्या साहेबाच्या हातात पेपर होता. त्यात अर्ध्या पानाचा फोटो. पुढं बेबीनंदा, कळीवर वाकलेली, लाल कागद दातात धरलेला. तिच्या मागं हात उगारून उभी केशरबाई, तोंड वासलेलं, कपाळाच्या शिरा ताणलेल्या. खालचं साहेबानं वाचून दाखवलं. कोवळ्या हातांवर मुकादमीचा धाक, धावडा शिवारात बालमजुरांना राबवणारी पन्नाशीची बाई.

केशरबाईला त्या साली अठ्ठाविसावं लागलं होतं.

बद्रीनाथ आला तो हात जोडतच. "साहेब, मला तर काहीच माहीत न्हाई. मी मजुरीचं काम हिला देऊन टाकलेलं. ही कोणाला आणती, कोणाला न्हाई, ते हिचं हिला ठाव."

केशरबाईनं त्याच्याकडं बघितलं. काल संध्याकाळीच त्यानं तिला बजावलं होतं की दोन पोरी अजून आण, कळी वाया चाललीय. बोलून काय होणार होतं? पंचनामा झाला. तिचा अंगठा घेतला. तोच अंगठा, ज्याचं नख इतक्या वर्षांच्या सोलण्यानं अर्धं खचून काळं पडलं होतं. साहेबानं तिला तंबी दिली, पोरींना घरी पाठवलं आणि जीप निघून गेली.

वस्तीत त्या दिवशी कोणी नीट जेवलं नाही. शेजारची कांताबाई, जिच्या दोन पोरी प्लॉटवर होत्या, ती दारात येऊन उभी राहिली. "तूच त्याला पाणी पाजलं, तूच त्याला भाकरी घातली," ती म्हणाली. "आता दिवाळी कशानं करायची, ते सांग." केशरबाई भिंतीला टेकून बसली होती. कांताबाई उत्तराला थांबलीच नाही.

शनिवारी तातेराव आला. त्यानं पिशवी खुंटीला अडकवली आणि खाली बसला. "मोंढ्यात पेपर फिरून राह्यला," तो म्हणाला. "आडतीवरचा पोऱ्या मला म्हणला, तुमची सासू लई कडक दिसती." तो हसायला गेला, पण ते हसू काही जमलं नाही.

"मी येते तुमच्यासंगं जालन्याला," केशरबाई म्हणाली. "त्या फोटोवाल्याला भेटायचंय."

"भांडायला?"

"न्हाई. भांडायचं त्राण न्हाई. नुसतं इचारायचंय."

देवानंदच्या स्टुडिओत एक कुटुंब फोटो काढून घेत होतं. मागं बाग आणि कारंजं रंगवलेला पडदा. केशरबाई बाकड्यावर बसून राहिली. कुटुंब गेलं, देवानंद बाहेर आला आणि तिला बघून थबकला.

"मावशी, तुम्ही?"

"मावशी म्हणू नका, भाऊ. मी तुमच्याहून ल्हान हाय."

त्यानं तिच्याकडं नीट बघितलं. "किती वय तुमचं?"

"तव्हाच इचारायचं व्हतं. पोरींचं इचारलं, माझं न्हाई इचारलं."

"ते पन्नास मी नाही लिहिलं," तो घाईनं म्हणाला. "मी नुसता फोटो दिला. खालचा मजकूर पेपरवाले घालतात."

"फोटो खोटा हाय, असं म्हणायला मी न्हाई आले. हात मीच उगारला. पोरगी माझीच हाय, ल्हानच हाय. सगळं बराबर हाय. पण त्या फोटोत वावर कोणाचं, ते दिसत न्हाई. बिनमालकाचं हाय का ते वावर?"

"मालक त्या दिवशी तिथं नव्हता."

"तो कधी नसतोच. पोरी कमी पडल्या तर येतो, कळी मोडली तर येतो. जीप आली तव्हा आल्ता, हात जोडायला."

देवानंद स्टुलावर बसला. त्यानं चहा मागवला. मग त्यानं हळूच विचारलं, "तुम्ही कधीपासून हे काम करता?"

केशरबाईनं सांगितलं. तक्रार केल्यासारखं नाही, एखाद्या लांबच्या नातेवाइकाबद्दल सांगावं तसं. एक्क्याऐंशीचा पहिला हंगाम, आईचं लुगडं, सोलून सोलून सुजलेला अंगठा, रात्री तो मिठाच्या पाण्यात बुडवून बसणं, फवारणीच्या वासानं वांत्या. बाराव्या वर्षी हात बसला, सोळाव्या वर्षी बेबीनंदा झाली. देवानंदनं मध्ये एकदा कॅमेऱ्याकडं हात नेला.

"आता नको," ती म्हणाली. "आता नुसतं ऐका."

तिनं चहा संपवला, कपबशी बाजूला सरकवली आणि उठली. देवानंदनं तिला स्टुडिओचं कार्ड दिलं. खाली फोन नंबर होता. "कधी काही लागलं तर," तो म्हणाला आणि ओशाळला, कारण आपल्याला नेमकं काय म्हणायचंय हे त्यालाच कळत नव्हतं.

त्या हिवाळ्यात केशरबाईनं बेबीनंदाला जिल्हा परिषदेच्या शाळेत नेऊन बसवलं. काही फार मोठा विचार करून नाही. प्लॉट बंद होता, गावात सगळ्यांच्या नजरा होत्या, आणि दुसऱ्याच्या वावरात पोरीला घेऊन गेली असती तर परत बोलणं आलं असतं. गुरुजींनी तिला तिसरीत बसवलं, तिच्यापेक्षा डोकंभर बुटक्या पोरांमध्ये. पहिले काही दिवस ती दुपारी डुलक्या घ्यायची. हात मोकळे राहिले की तिचा अंगठा आपोआप चालायचा. पेन्सिलीचा रंग सोलायची, पुस्तकाच्या पुठ्ठ्याचा कागद सोलायची. गुरुजी ओरडले की दचकून हात मांडीखाली घालून बसायची. पण फाल्गुन येईतो ती अडखळत धडा वाचायला लागली. संध्याकाळी ती वाचायची आणि केशरबाई चुलीपुढं बसून ऐकायची. ऐकता ऐकता तिचा डोळा लागायचा. तरी बेबीनंदा वाचत राहायची.

पुढच्या वर्षी पोळा झाला आणि बद्रीनाथ दारात उभा. जणू मध्ये काही घडलंच नव्हतं.

"केशरबाई, उद्यापासून पोरी आण. औंदा रस्त्याच्या कडंनी तूर दाट घेतलीय. कोणाला काही दिसत न्हाई."

"पोरी न्हाई येणार, मालक. बाया येतील. मी येते, कांताबाई येती, अजून आठ-दहा जणी येत्यात."

"बायांचा खर्चा मला झेपंल का? कंपनीनं भाव बांधून दिलाय. त्यात पोरींचाच हिशेब बसतो."

"मंग कंपनीला सांगा ना."

बद्रीनाथनं तिच्याकडं असं बघितलं, जसं काही ती पाऊस थांबव म्हणाली होती. "तू लई बोलाय लागली फोटो आल्यापासून," तो म्हणाला आणि निघून गेला.

कांताबाई आणि बाकीच्या बाया यावेळी केशरबाईच्या बाजूनं उभ्या राहिल्या. पोरींचा अर्धा रोज आणि आपला पूर्ण रोज, हे गणित त्यांना नीट कळत होतं. आज ना उद्या बद्रीनाथ बोलावणार, कळी काही कोणासाठी थांबत नाही, असं त्या एकमेकींना सांगत होत्या. पण आठवडा उलटायच्या आत एका सकाळी डोंगराकडून एक टेम्पो आला. ताडपत्रीखाली पोरी होत्या. कुठल्या तरी लांबच्या तांड्यावरच्या, वाडीवरच्या. त्या टेम्पोतून उतरल्या आणि सरळ तुरीच्या आड गेल्या.

कांताबाईनं हातातला डबा आपटला. "झालं," ती म्हणाली. "आपल्या पोरी घरी आन् दुसऱ्याच्या पोरी वावरात. काय मिळवलं आपण?"

केशरबाई दोन दिवस विचार करत राहिली. मग भोकरदनच्या बाजाराला गेली तेव्हा तिनं एस.टी.डी.वरून देवानंदला फोन लावून घेतला.

"या परत," ती म्हणाली. "या टायमाला जल्दी या, दिवस उगवायच्या बखताला. मालक तव्हाच असतो."

"केशरबाई, या वेळी गावाला कळेल की तुम्हीच बोलावलं."

"कळंल तर कळंल."

तो आला. दोघं तुरीच्या कडेनं बांधावर जाऊन थांबले. धुकं होतं. टेम्पो आला तसा बद्रीनाथ पुढं झाला. उशीर झाला म्हणून त्यानं ड्रायव्हरला शिवी हासडली आणि पोरींना दंडाला धरून एकेक करून खाली उतरवायला लागला, पोती उतरवावी तसं. शेवटची पोरगी सहा-सात वर्षांची असेल. ती झोपेतच होती. त्यानं तिला उचलून जमिनीवर उभं केलं आणि तिचे पाय लटपटले. देवानंद बांधावरून उतरून उघड समोर गेला आणि फोटो काढत राहिला. बद्रीनाथचा चेहरा, त्याचा हात, त्या हातातला पोरीचा दंड.

बद्रीनाथनं आधी कॅमेरा पाहिला, मग मागं उभी केशरबाई.

"तू?" तो म्हणाला. "इतके वर्स माझं खाल्लं आन्..."

"कष्टाचं खाल्लं, मालक. तुमचं न्हाई खाल्लं."

एवढ्यात ती झोपाळू पोरगी तिच्याजवळ आली. तिथं केशरबाई एकटीच बाई दिसली म्हणून असेल. तिनं तिचा पदर धरला आणि विचारलं, "आमच्यावर मुकादम तूच का, मावशी?" केशरबाईला एकदम खाली बसावंसं वाटलं. ती बसलीच. पोरीच्या डोळ्यातली चिपडं पुसली.

फोटो छापून आला. या वेळी देवानंदनं अट घातली होती की खालचा मजकूर तोच लिहील. त्यात गावाचं नाव होतं, मालकाचं नाव होतं, आणि पोरींना कुठून आणलं ते होतं. पुन्हा जीप आली. कंपनीनं बद्रीनाथचा पुढच्या सालाचा प्लॉट काढून घेतला. टेम्पो पोरींना घेऊन परत गेला. त्या नेमक्या कुठं गेल्या, हे कोणी विचारलं नाही. केशरबाईच्या मनाला मात्र ते लागून राहिलं. तिच्या आग्रहावरून देवानंद डोंगरापलीकडं दोन-तीन गावं फिरून आला. काही पोरी घरी होत्या. काही दुसऱ्या गावच्या प्लॉटवर लागल्या होत्या. ती झोपाळू पोरगी त्याला सापडली नाही.

धावड्यात केशरबाईला कोणी कामाला बोलवेना. कोणी तोंडावर काही बोललं नाही. नुसतं निरोप येणं बंद झालं. कांताबाई एकदा म्हणाली, "तुझी पोरगी साळंत, आमची चूल गार." मग तिलाच वाईट वाटलं आणि तिनं पातेल्यात थोडं कालवण आणून दिलं. उन्हाळ्यात केशरबाईनं घराला कुलूप लावलं आणि बेबीनंदाला घेऊन जालन्याला तातेरावकडं गेली. मोंढ्यात बायका धान्य चाळायच्या, तिथं तिला जागा मिळाली. दिवसभर भुसा नाकातोंडात जायचा. संध्याकाळी पाठ सरळ व्हायची नाही. बेबीनंदा नगरपालिकेच्या शाळेत जाऊ लागली.

देवानंदनं प्लॉटवरच्या पोरींचे फोटो काढणं सोडलं नाही. आता पोरींच्या आयांशी बोलायला तो केशरबाईला बरोबर न्यायचा. कॅमेरा बघून बाया दारं लावून घ्यायच्या, पण केशरबाईचा खचलेल्या नखाचा हात बघितला की उघडायच्या. ती रविवारी जायची. मोंढा बंद असायचा, झोपायला तोच एक दिवस. तातेराव म्हणायचा, "पडून ऱ्हा की जरा." ती म्हणायची, "जाऊन येते," आणि मोटरसायकलवर मागं बसून डुलक्या घ्यायची.

दोन हजार दोनच्या पावसाळ्यात ते वडीगोद्रीच्या पुढं, हायवेपासून आत एका वस्तीवर गेले. झुंबरबाई नावाची बाई दारात ज्वारी निवडत बसली होती. तिच्या दोन पोरी प्लॉटवर जायच्या, एक तेरा वर्षांची, एक नऊ. देवानंद कॅमेरा पिशवीत ठेवून लांब झाडाखाली थांबला.

केशरबाई तिच्याशेजारी बसली आणि सूप पुढं ओढून ज्वारी निवडायला लागली. बराच वेळ दोघी पावसापाण्याचं बोलल्या.

"तुमची पोरगी काय करती?" झुंबरबाईनं विचारलं.

"सहावीत हाय."

"खर्चा?"

"खर्चा हायच. मी चाळणीवर, घरधनी हमालीला. कसं तरी चाललंय."

"आन् सहावी होऊन काय होईल?"

"ते मला न्हाई माहीत," केशरबाई म्हणाली. खोटं बोलायचा तिला कंटाळा आला होता. "पण तिला मळमळ न्हाई होत. रात्री उठून वांत्या न्हाई करत. पेपर वाचती. त्यात आपल्याबद्दल काय लिहिलंय, ते सांगती."

झुंबरबाईनं सूप आपल्याकडं ओढलं. ज्वारीतले खडे वेचत राहिली. दोघींपुढं चहा आला, संपला. ते निघाले तरी झुंबरबाई जागची उठली नाही.

पुढच्या रविवारी ते परत गेले. झुंबरबाई नेहमीसारखी बसली होती. मोठी पोरगी प्लॉटवर गेली होती.

"ल्हानी कुठं?" केशरबाईनं विचारलं.

"मळ्यात ऱ्हात्यात त्या शाळंच्या बाईंकडं गेलीय, अभ्यासाला," झुंबरबाई म्हणाली. वर न बघताच. "शाळंत घातली बुधवारी. मोठी न्हाई. मोठीला न्हाई सोडता येत."

केशरबाई भिंतीला पाठ टेकून तिच्याशेजारी बसली. मोठीबद्दल बोलायचं होतं, पण ते आज नको असं तिला वाटलं. तिनं देवानंदला हातानंच खूण केली, थांबा जरा, आणि डोळे मिटले.